पाळत विकतची, कुलूप फुकटचे: एडिसनमधील एका कुटुंबाचे प्रकरण

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या टपालपेटीत एकाच मजकुराची तीन पत्रे एकाच दिवशी आली. एक पतीच्या नावाने होते, दुसरे पत्नीच्या आणि तिसरे नऊ वर्षांच्या मुलाच्या पालकांच्या नावाने. पत्र पाठवणाऱ्या कंपनीचे नाव घरात कोणी ऐकलेले नव्हते. ती कोणत्या तरी रुग्णालयाच्या बिलांचे काम करते एवढे दुसऱ्या पानावर कळले. काही महिन्यांपूर्वी तिच्या संगणकांत शिरकाव झाला होता आणि नाव, जन्मतारीख, विम्याचा क्रमांक व सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतील सरकारी ओळख-क्रमांक) 'कदाचित' बाहेर गेला होता. भरपाई म्हणून दोन वर्षे ओळखचोरी-संरक्षणाची सेवा विनामूल्य देऊ केली होती आणि नोंदणीसाठी एक संकेतांक व शेवटची तारीख दिली होती. त्या वर्षी अशी पत्रे येणे दुर्मीळ नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरोग्यविम्याचे दावे हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीच्या संगणकांवर झालेल्या हल्ल्यात सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली, असे त्या कंपनीच्या मालक समूहाने पुढे जाहीर केले. प्रस्तुत पत्रांचा त्या घटनेशी संबंध नव्हता.

या कुटुंबाची करविवरणपत्रे मी अनेक वर्षे भरत असल्याने पत्रे घेऊन पती-पत्नी माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. फुकटची सेवा घ्यावी, की जाहिरातींत दिसणाऱ्या मोठ्या सेवांपैकी एखादी पैसे देऊन घ्यावी, आणि घ्यायची तर कोणती? पतीने तीन सेवांचा तुलनात्मक तक्ता आधीच करून आणला होता. त्यात किंमत, विम्याची रक्कम, 'डार्क वेब'वरील (इंटरनेटच्या ज्या छुप्या भागात चोरलेली माहिती विकली जाते तिथली) टेहळणी, ॲपचे गुणांकन असे रकाने होते. तक्ता उत्तम होता, पण ती सेवा चोरी होण्याआधी काय करते आणि झाल्यानंतर काय करते, हा रकानाच त्यात नव्हता. मी तो वाढवायला सांगितला आणि पुढची सारी चर्चा त्या एका रकान्याभोवती झाली.

घरात पाच माणसे आहेत. दोघे नोकरदार, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पतीच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई, ज्या ग्रीन कार्डावर गेली सहा वर्षे त्यांच्याकडे राहतात. आईंच्या नावे पत्र आलेले नव्हते, म्हणून त्यांचा विचार तक्त्यातही नव्हता. पती-पत्नींनी पाहिलेल्या तीन कौटुंबिक योजनांपैकी दोहोंत मुले कितीही असली तरी प्रौढ दोनच धरले होते, म्हणजे आईंसाठी वेगळे पैसे मोजावे लागले असते.

आता त्या नव्या रकान्याविषयी. अमेरिकेत ओळखचोरीचा सर्वांत ठाऊक असलेला प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नवे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड काढणे. कर्ज देणारी संस्था अर्ज आल्यावर इक्विफॅक्स, एक्सपिरियन व ट्रान्सयुनियन या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या, तीन पतब्युरोंपैकी एकाकडे किंवा अनेकांकडे पत अहवाल मागते. संरक्षण-सेवा या अहवालांवर नजर ठेवते आणि नवी चौकशी किंवा नवे खाते दिसले की ग्राहकाला सूचना पाठवते. सूचना येते तेव्हा अर्ज झालेला असतो, काही वेळा कार्डही निघालेले असते. 'डार्क वेब'वरील टेहळणीचेही तसेच: तुमचा क्रमांक अमुक ठिकाणी विक्रीस आहे एवढे ती सांगते, तो तिथून काढून आणण्याची ताकद कोणत्याही सेवेत नाही. चौकीदार आहे, पण त्याच्या हातात किल्ली नाही.

किल्ली ग्राहकाच्या हाती आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. २१ सप्टेंबर २०१८ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने पतनोंद गोठवणे, म्हणजे क्रेडिट फ्रीझ, सर्वांसाठी निःशुल्क झाले. त्याआधी अनेक राज्यांत प्रत्येक वेळी फी द्यावी लागे. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केल्यास ब्युरोने एका कामकाजाच्या दिवसात फ्रीझ लावायचा आणि उठवायला सांगितल्यास एका तासात उठवायचा, असे बंधन आहे. फ्रीझ असताना नवा कर्जदाता अहवाल पाहू शकत नाही आणि अहवाल पाहिल्याशिवाय बहुतेक कर्जदाते कर्ज देत नाहीत. येथे एक शब्दछल ध्यानात ठेवण्यासारखा आहे: ब्युरोंच्या संकेतस्थळांवर 'फ्रीझ' शोधणाऱ्याला 'लॉक' नावाची सेवा पुढे केली जाते, जी कधी सशुल्क योजनेचा भाग असते. फ्रीझ हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि लॉक हा कंपनीशी केलेला करार आहे. पत्नीने पहिल्या प्रयत्नात लॉकच घेतला होता आणि आपण फ्रीझ लावला असे तिला वाटत होते.

पतीला हे पटेना. एवढे साधे आणि फुकट असेल तर लोक दरमहा दहा ते तीस डॉलर का मोजतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याला मी या धंद्याचा इतिहास सांगितला, कारण तो तक्त्यातील कोणत्याही आकड्यापेक्षा बोलका आहे. लाइफलॉक या कंपनीचे प्रमुख टॉड डेव्हिस यांनी स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक जाहिरातींत उघड छापला होता. आमच्या सेवेमुळे मला भीती नाही, असा त्याचा अर्थ. पुढे त्यांच्या नावावर अनेक फसव्या व्यवहारांचे प्रयत्न झाल्याचे व त्यांतले काही साधल्याचे उघड झाले. २०१० मध्ये एका वृत्तपत्राने अशी तेरा प्रकरणे मोजली. त्या काळी कंपनीच्या सेवेचा गाभा म्हणजे ग्राहकाच्या वतीने ब्युरोकडे 'फ्रॉड अलर्ट' (कर्ज देण्याआधी अर्जदाराची ओळख नीट पडताळा, अशी कर्जदात्यांना सूचना) लावणे आणि नव्वद दिवसांनी मुदत संपली की पुन्हा लावणे. हा अलर्ट कोणालाही स्वतः विनामूल्य लावता येत असे. एक्सपिरियनने यावरून दावा लावला आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयाने अशा रीतीने दुसऱ्यांच्या वतीने अलर्ट लावण्यास कंपनीला मनाई केली. मार्च २०१० मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी केंद्रीय संस्था) व ३५ राज्यांशी दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल १ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली आणि त्या आदेशाचा भंग केल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०१५ मध्ये आणखी १० कोटी डॉलरची. कंपनी आज दुसऱ्या मालकीची आहे आणि तिची सेवाही बदललेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जाहिरातीत 'संरक्षण' असे लिहिलेले असले तरी करारात बहुधा 'सूचना' आणि 'साहाय्य' एवढेच असते, हे तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

दहा लाख डॉलरच्या विम्याविषयी पत्नीला विशेष आकर्षण होते. आम्ही तिन्ही सेवांच्या विमापत्रांचा सारांश छापून वाचला. त्यात वकिलाची फी, बुडालेला पगार (आठवड्याला ठरावीक मर्यादेपर्यंत), कागदपत्रांचा व टपालाचा खर्च यांची भरपाई होती; चोरलेल्या रकमेच्या भरपाईची मर्यादा योजनेप्रमाणे बदलत होती आणि स्वस्त योजनांत ती फारच कमी होती. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे, मग ते कितीही फसवणुकीने पाठवलेले असोत, वगळलेले होते. घरातील माणसाने केलेली चोरीही वगळलेली होती. शिवाय मोठा भार कायद्यानेच उचललेला असतो: क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकाची जबाबदारी फार तर ५० डॉलर असते. डेबिट कार्ड हरवल्याचे वा चोरीला गेल्याचे कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तेवढीच राहते, उशीर केल्यास ५०० डॉलरपर्यंत जाते, आणि विवरण मिळाल्यानंतर साठ दिवस गप्प बसल्यास त्यानंतरच्या नुकसानीला मर्यादा राहत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची लेखातपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ च्या अहवालात हाच निष्कर्ष काढला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या माहितीची २०१५ मधील चोरी उघड झाल्यावर पीडितांना ५० लाख डॉलरचा विमा देण्याचे बंधन संसदेने घातले होते, आणि तपासणीत दिसले की प्रत्यक्ष दावे क्वचितच काही हजार डॉलरच्या पुढे जातात. विम्याचा आकडा मोठा ठेवणे विमाकंपनीला परवडते, यातच त्याचा अर्थ आहे.

तरीही पत्नीचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. ती म्हणाली, "फ्रीझ लावू, सगळं करू. पण उद्या खरंच काही झालं तर फोनवर तासन्‌तास कोण बसणार? मी की हे?" चोरी झाल्यानंतर पोलिसांत नोंद, फेडरल ट्रेड कमिशनच्या ओळखचोरी संकेतस्थळावरील प्रतिज्ञालेख, प्रत्येक ब्युरो व प्रत्येक कर्जदात्याशी पत्रव्यवहार हे सारे महिनोन्‌महिने चालू शकते. ओळखचोरीचा अहवाल व ओळखीचे पुरावे मिळाल्यावर ब्युरोने फसवी नोंद चार कामकाजाच्या दिवसांत रोखावी असा कायदा आहे, पण ते पुरावे जमवून देणारा माणूस लागतो. संरक्षण-सेवांची खरी किंमत या कामात आहे. जाहिरातीत मात्र ते सर्वांत खाली, बारीक अक्षरात असते. म्हणून सेवा निवडताना प्रथम विचारावे ते हे: अडचण आल्यावर एकच नेमलेला माणूस शेवटपर्यंत प्रकरण हाताळतो का? मुखत्यारपत्र घेऊन तो स्वतः पत्रे लिहितो, की ग्राहकाला फक्त सूचनांची यादी पाठवतो? आणि सेवा घेण्याच्या आधी घडलेली चोरी तो हाती घेतो का? पतीने तिन्ही कंपन्यांना फोन केले. एकीने स्पष्ट उत्तरे दिली, दुसरीने सारांशपत्र वाचून दाखवले आणि तिसरीने त्याला आजच नोंदणी केल्यास मिळणाऱ्या सवलतीविषयी सांगितले. सवलत तिन्हींत पहिल्या वर्षापुरतीच होती.

एका रविवारी आम्ही फ्रीझ लावायला बसलो. पती-पत्नीचे काम तिन्ही ब्युरोंकडे मिळून तासाभरात झाले. त्याआधी दोघांचे अहवाल काढून पाहिले. अधिकृत संकेतस्थळावर ते आता दर आठवड्याला विनामूल्य मिळतात. पतीच्या अहवालात टेक्सासमधील एक पत्ता आणि एका दुकानाचे कार्ड निघाले आणि घरात एकदम शांतता पसरली. बारकाईने पाहिल्यावर कळले की ते त्याच आडनावाच्या व त्याच आद्याक्षराच्या दुसऱ्या माणसाचे होते; दोघांच्या नोंदी ब्युरोने एकत्र मिसळल्या होत्या. आपल्याकडची आडनावे, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची पद्धत आणि अमेरिकन अर्जांवर ते कधी लिहिणे, कधी गाळणे यांमुळे हे आपल्या लोकांत घडते. ती चोरी नव्हती, चूक होती, आणि हरकत नोंदवल्यावर साधारण तीस दिवसांत ब्युरोला तपास करावा लागतो. एखाद्या सेवेच्या ॲपने मात्र त्यावर लाल रंगाचा इशाराच दिला असता.

मुलांचे काम टपालाने करावे लागले. सोळा वर्षांखालील मुलांसाठी पालक फ्रीझ मागू शकतात. मुलाची पतनोंदच नसल्याने ब्युरो आधी नोंद तयार करतो आणि मग ती गोठवतो. लहान मुलाचा क्रमांक चोराला अधिक मोलाचा असतो, कारण अठराव्या वर्षी पहिले शैक्षणिक कर्ज मागेपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही. जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, पालकांचे ड्रायव्हिंग लायसन्स, विजेचे बिल, या सर्वांच्या प्रती प्रत्येक ब्युरोला.

आईंचे प्रकरण अनपेक्षितपणे अवघड निघाले. त्यांच्या नावाने ना कर्ज, ना कार्ड, ना गाडी. ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी संगणक जे प्रश्न विचारतो (या चारपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहिला आहात, तुमच्या कर्जाचा हप्ता किती होता) त्यांपैकी एकाचेही उत्तर 'यांपैकी नाही' याशिवाय दुसरे नव्हते आणि तिन्ही ठिकाणी अर्ज फेटाळला गेला. त्यांच्यासाठीही टपालच. दोन मुले आणि आई, प्रत्येकी तीन ब्युरो, असे नऊ लिफाफे जेवणाच्या टेबलावर मांडले गेले. ओळख सांभाळण्यासाठी ओळखीचे सगळे कागद टपालात घालायचे आणि त्यांतले तीन लिफाफे इक्विफॅक्सला पाठवायचे, हे पतीला पचत नव्हते. त्याची शंका रास्त होती: २०१७ मध्ये याच ब्युरोतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, तीही अपाचे स्ट्रट्स या प्रणालीतील ज्ञात त्रुटी वेळेवर न बुजवल्याने; आणि त्या गोंधळात कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून लोकांना कंपनीची नक्कल करणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता दिला गेला. सुदैवाने ते संकेतस्थळ एका प्रोग्रॅमरने लोकांना सावध करण्यासाठीच बनवले होते. पण ज्याच्याकडे वही आहे त्यालाच वही बंद करायला सांगावे लागते; दुसरा मार्ग नाही.

फ्रीझने सगळे भागत नाही, हेही मी त्यांना सांगितले. चालू खात्यातील पैसे काढणे, दुसऱ्याच्या विम्यावर उपचार घेणे, चोरलेल्या क्रमांकावर नोकरी करणे यांना तो अडवत नाही. खोटे करविवरणपत्र भरून परतावा उचलणे हा प्रकार माझ्या व्यवसायात मी दर हंगामात पाहतो. त्यासाठी आयआरएस ही अमेरिकेची करवसुली संस्था सहा अंकी आयपी पिन देते. २०२१ पासून ओळख पटवणाऱ्या कोणालाही तो घेता येतो, दरवर्षी नवा मिळतो आणि त्याशिवाय त्या क्रमांकाचे विवरणपत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वीकारले जात नाही. हा पिन कोणतीही संरक्षण-सेवा ग्राहकासाठी काढून ठेवत नाही. बँकखाती उघडण्यापूर्वी बँका ज्या चेक्ससिस्टम्सकडे चौकशी करतात तिथेही स्वतंत्र फ्रीझ लावता येतो. तो त्या दोघांनी लावला. मोबाइल कंपनीच्या खात्यात क्रमांक दुसरीकडे नेण्यावर बंदी घालणारे बटण पत्नीला दोन मिनिटांत सापडले.

निर्णय ऑक्टोबरच्या अखेरीस झाला. पत्रातील फुकटची सेवा तिघांसाठी घ्यावी असे ठरले, पण नोंदणीत क्रेडिट कार्ड मागितले गेल्यास देऊ नये, म्हणजे दोन वर्षांनी ती आपोआप सशुल्क होणार नाही. कार्ड मागितले गेले नाही. तिन्ही मोठ्या सेवा नाकारल्या. निस्तरण्याच्या कामासाठी पतीने आपल्या घराच्या विम्याचे कागद काढले, तेव्हा वर्षाला तीस डॉलरच्या आत 'ओळखचोरी निवारण' हे पूरक कलम मिळत असल्याचे दिसले. त्यात नेमलेला प्रकरण-व्यवस्थापक होता, खर्चाची भरपाई पंचवीस हजार डॉलरपर्यंत होती, आणि मुख्य म्हणजे घरात राहणारे सर्व नातेवाईक, म्हणजे आईसुद्धा, त्यात येत होत्या. टेहळणी त्यात नव्हती. ती दोन वर्षे फुकट मिळतच होती. हा निर्णय प्रत्येक घराला बसेल असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर चोरीचा प्रसंग एकदा गुदरला आहे, किंवा ज्यांच्याकडून नऊ लिफाफे कधीच भरले जाणार नाहीत, त्यांनी पैसे देऊन चांगली निवारण-सेवा घेणे मला चुकीचे वाटत नाही.

एक बाजू सुटता सुटता राहिली. अमेरिकी सेवा पुण्यातील काहीही पाहत नाहीत. पतीचे पॅन, तेथील सदनिकेचे गृहकर्ज आणि एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) यांची नोंद ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या भारतातील चार संस्थांकडे असते. नावे ओळखीची असली तरी नोंदी वेगळ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानंतर कोणी अहवाल पाहिल्यास ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवणे या संस्थांवर बंधनकारक झाले. पण पतीच्या बँकखात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याने २०१२ मध्ये देश सोडताना वापरणे बंद केलेला होता, आणि असे क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. म्हणजे इशारा निघत असेल तर तो कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात होता. डिसेंबरच्या सुट्टीत तो पुण्याला गेला तेव्हा बँकेच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन क्रमांक व ईमेल बदलून आला, आणि आईंच्या आधारचे बायोमेट्रिक त्याने यूआयडीएआयच्या ॲपवरून बंद केले.

या सर्वांत आईंचे मत कोणी विचारले नव्हते. त्यांनीच एकदा सांगितले की दुपारी घरात कोणी नसताना 'मेडिकेअर'मधून (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतून) बोलतो असे सांगून एक माणूस फोनवर हिंदीत गोड बोलतो आणि कार्डावरचा नंबर मागतो. असा फोन आतापर्यंत तीनदा आला होता. त्यांनी नंबर दिला नव्हता, कारण चष्मा सापडत नव्हता. त्या दिवसापासून अनोळखी क्रमांकाचे फोन त्यांच्या फोनवर वाजतच नाहीत अशी सोय नातीने करून दिली.

मार्चमध्ये कुटुंबाने गाडी घेतली. विक्रेत्याला कोणता ब्युरो वापरता असे विचारून पतीने त्या एकाच ठिकाणचा फ्रीझ एक दिवसासाठी उठवला; मुदत संपताच तो पुन्हा आपोआप लागला. नऊ लिफाफ्यांपैकी आठांची पोच आली आहे. आईंच्या एका अर्जावर ब्युरोने पत्त्याचा आणखी एक पुरावा मागितला आहे, आणि विजेचे बिल त्यांच्या नावावर नसल्याने बँकेच्या विवरणपत्राची प्रत जोडून तो लिफाफा पुन्हा टाकायचा आहे.